पिंजऱ्याखाली मे महिन्यात पाणी किती? एका मच्छीमार संस्थेच्या फिश फाइंडर खरेदीचं प्रकरण

संस्थेच्या हातात फिश फाइंडरचं, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचं, कोटेशन आधी आलं, प्रश्न नंतर. ९ इंची टच पडदा, खाली पाहणारं सोनार (प्रतिध्वनीने मोजणारा भाग), जीपीएस आणि सोबत ‘तलावांच्या तयार नकाशांचं कार्ड’. मुंबईच्या एका विक्रेत्याने पाठवलेल्या त्या कागदावर कार्डाची ओळ सगळ्यात शेवटी होती आणि सचिवांना भुरळ पडली होती ती तिचीच. तलावाचा तळ कुणीतरी आधीच मोजून ठेवला असेल, तर आपण मशीन लावायचं आणि निघायचं, असा त्यांचा सरळ हिशोब.

संस्था नागपूरच्या दक्षिणेकडची, उमरेडच्या अंगाची. ढिवर समाजाची मच्छीमार सहकारी संस्था, एका सिंचन जलाशयाचा मासेमारीचा ठेका तिच्याकडे. जलाशयाचं नाव देत नाही, कारण पिंजऱ्यांच्या जागेवरून काठावरच्या दोन गावांत अजून बोलणी चालू आहेत. संस्थेकडे बाहेरून मोटार लावता येईल अशी एक फायबरची बोट आहे, बाकी सगळे डोंगे. दरवर्षी रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची आणि फासजाळ्यांनी मासे काढायचे, हा धंदा जुनाच. नवी गोष्ट होती पिंजऱ्यांची: पाण्यात तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यांत मासे वाढवायचे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत जलाशयातल्या पिंजऱ्यांना अनुदान आहे: सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. संस्थेने अर्ज करायचं ठरवलं आणि ‘पिंजरे नेमके कुठे?’ या रकान्यापाशी गाडी अडली.

मी पाण्याखालच्या मोजणीची कामं करतो, बहुतेक बंद पडलेल्या खाणींच्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्याची. संस्थेतल्या एका डिप्लोमाधारक पोराच्या ओळखीतून मला बोलावलं, ते ‘कोणत्या कंपनीचं घ्यावं’ एवढंच सांगायला. मी आधी उलटं विचारलं: मशीनकडून तुम्हाला काय कळायला हवं?

तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. सचिव म्हणाले, मासे कुठे आहेत ते. अध्यक्ष म्हणाले, पिंजऱ्यांची जागा. आणि ज्यांना सगळे काकाजी म्हणतात ते म्हातारे ढिवर कोपऱ्यातून म्हणाले, “मच्छी कुठं बसते ते आमाले ठाऊक हाय, भाऊ. जाळं कुठं अटकते ते दाखवते का तुमची मशीन?”

खरेदीचा निकाल याच तीन उत्तरांच्या क्रमावर लागला. कंपनीचं नाव बरंच नंतर आलं.

तयार नकाशाचं कार्ड

कार्डाचा निकाल त्याच बैठकीत लावता आला. फिश फाइंडरवर चालणाऱ्या तलावांच्या नकाशांत तीन नावं मोठी आहेत: नॅव्हिऑनिक्स, सी-मॅप आणि लेकमास्टर. नॅव्हिऑनिक्स मूळची इटलीतली, २०१७ मध्ये गार्मिन या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली. सी-मॅप लॉरन्सच्या यंत्रांबरोबर येतं. लेकमास्टर हमिंगबर्डच्या घरचं आणि त्याचा सगळा जोर अमेरिकेतल्या तलावांवर. तिकडे हौशी मासेमारी हा प्रचंड मोठा धंदा आहे, म्हणून एकेका तलावाचा तळ फूट-फूट अंतराच्या खोलीरेषांनी भरलेला मिळतो. सचिवांनी फोनवर पाहिलेले व्हिडिओ अशाच तलावांचे होते.

नॅव्हिऑनिक्सचा नकाशा इंटरनेटवर फुकट पाहता येतो. पोराने फोनवर तो उघडला, नागपूरवर आणला, उमरेडकडे सरकवला, जलाशयावर मोठा केला. कडा होती, आत खोलीची एकही रेषा नव्हती. कार्ड घेण्याआधी प्रत्येकाने करायची तपासणी एवढीच आहे: आपलं पाणी उघडा आणि आत काही लिहिलंय का पाहा. दोन मिनिटांत कोटेशनमधली एक ओळ गळाली.

विक्रेता खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. कार्डात तलाव होतेच, आपला नव्हता.

आता दुसरा मार्ग उरला: नकाशा स्वतः काढायचा. तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत ही सोय आहे. गार्मिनमध्ये तिला क्विकड्रॉ कॉन्टूर्स म्हणतात, हमिंगबर्डमध्ये ऑटोचार्ट लाइव्ह, लॉरन्समध्ये जेनेसिस लाइव्ह. बोट फिरत जाते तशी जीपीएसची जागा आणि सोनारची खोली जोडली जाते आणि पडद्यावर खोलीरेषा उमटत जातात. पाहायला फार छान वाटतं. पण प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मालिकेत हे असतंच असं नाही. शिवाय गार्मिनच्या स्ट्रायकर मालिकेवर बाहेरच्या नकाशांचं कार्ड चालतच नाही, तरी तिच्या प्लस आणि व्हिव्हिड यंत्रांत क्विकड्रॉ आहे. ज्याला स्वतःचाच तलाव काढायचा आहे, त्याच्यासाठी ही कमतरता नाहीच.

आमच्या बाबतीत मात्र आणखी एक अट होती आणि ती पाण्याच्या पातळीमुळे आली.

नोव्हेंबरचं पाणी आणि मेचं पाणी

अमेरिकेतले बरेचसे मासेमारीचे तलाव वर्षभर जवळपास एका पातळीवर राहतात. आपले सिंचन जलाशय राहत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात, १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर वर्षाचं नियोजन होतं, मग रब्बीची आवर्तनं सुटतात, उन्हाची वाफ होते आणि जूनच्या तोंडावर पाणी कित्येक मीटर खाली गेलेलं असतं. पडद्यावरची ‘खोली ९ मीटर’ ही त्या दिवसाची खोली. ती तशीच अर्जात लिहिली की पिंजरा उन्हाळ्यात चिखलावर बसलाच म्हणून समजा.

हिशोब मांडून दाखवला तेव्हा खोलीत शांतता झाली, म्हणून इथेही मांडतो. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल घेतले आहेत. समजा मोजणीच्या दिवशी धरणाच्या गेजवर पातळी ३००.०० मीटर आहे. यंत्र ९.४० मीटर दाखवतं. ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि ऐकणारा तुकडा, पाण्याच्या पृष्ठभागाच्या २० सेंटिमीटर खाली लटकतो, म्हणजे खरी खोली ९.६० आणि तळाची उंची २९०.४०. आता मेअखेरची पातळी २९३.५० धरा. त्याच जागी पाणी उरलं ३.१० मीटर. आपला पिंजरा ६ बाय ४ बाय ४ मीटरचा, म्हणजे जाळी ४ मीटर खोल. नोव्हेंबरात जी जागा उत्तम वाटली, तिथे मेमध्ये जाळीचा तळ गाळात रुतेल, वरून पडलेलं खाद्य आणि विष्ठा तिथेच कुजेल आणि मासे गुदमरतील. जाळी नुसती टेकू नये एवढं पुरत नाही. तिच्याखालून पाणी वाहायला चांगली मोकळी जागा हवी.

म्हणून यंत्राने काढलेला खोलीचा नकाशा आम्हाला थेट उपयोगाचा नव्हता. हवा होता तळाच्या उंचीचा नकाशा, समुद्रसपाटीपासून मोजलेला. त्यातून कुठल्याही तारखेची खोली एका वजाबाकीत निघते. यासाठी दोन गोष्टी लागतात. मोजणीच्या प्रत्येक दिवसाची धरणाची पातळी. ती शाखा कार्यालयात रोज लिहिली जाते आणि मागितली की मिळते. आणि यंत्रातून बाहेर काढता येईल अशी कच्ची नोंद: वेळ, अक्षांश, रेखांश, खोली. पडद्यावर सुंदर रेषा काढून त्या आपल्याच पोटात ठेवणारं यंत्र इथे अडचणीचं.

खरेदीआधी विक्रेत्याला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न माझ्या मते हाच: सोनारची नोंद कार्डावर उतरते का आणि ती फाइल संगणकावर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते का? हमिंगबर्ड आणि लॉरन्सच्या नोंदी रीफमास्टरसारखे प्रोग्रॅम वाचतात. तिथून आकडे काढून क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट प्रोग्रॅममध्ये पातळीची दुरुस्ती करता येते. पण एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग यंत्रांत इथे फरक असतो, तेव्हा मॉडेलचं नाव धरून विचारायचं. “हो हो, सगळं होतं साहेब” हे उत्तर म्हणजे ‘माहीत नाही’.

मासे दाखवणारा पडदा

सचिवांचा प्रश्न मी टाळला नाही, पण क्रमात खाली सरकवला. त्यामागे आवाजाचं साधं गणित आहे.

सोनार पाण्यात आवाजाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीचा वेळ मोजतं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर जातो, उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात थोडा जास्त. या फरकाने खोलीत येणारी चूक जेमतेम दोन टक्के. आमच्या कामात ती सोडून देता येते. ठोका खाली जाताना शंकूसारखा पसरतो. २०० किलोहर्ट्झच्या वारंवारतेला (म्हणजे आवाज किती बारीक आहे त्याच्या मापाला) हा शंकू बहुधा २० अंशांचा असतो, म्हणजे १० मीटर खोलीवर तळाचा साडेतीन मीटर रुंद गोल. ८३ किलोहर्ट्झचा शंकू ६० अंशांचा, त्याच खोलीवर साडेअकरा मीटरचा गोल. पण पृष्ठभागापासून २ मीटरवर २० अंशांचा शंकू किती रुंद? सत्तर सेंटिमीटर.

आता कटला आठवा. वरच्या पाण्यात चरणारा मासा. बोटीखाली सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्यात तो थांबणार कशाला? मोटारीचा आवाज आला की बाजूला होतो. रोहू मधल्या पाण्यातला, मृगळ तळाचा; ते दोघे दिसू शकतात, तरी तळाला चिकटलेला मृगळ तळाच्याच प्रतिध्वनीत मिसळून जातो. म्हणजे संस्थेच्या ज्या माशाला बाजारात चांगली मागणी, तोच या पडद्यावर सगळ्यात कमी दिसणार. सचिवांना हे पटायला वेळ लागला, कारण दुकानातल्या पडद्यावर मासेच मासे होते. ते सिम्युलेटरवर चाललेलं होतं. यंत्राला पाणी नसतानाही मासे दाखवायला सांगता येतं आणि विक्रेते तेच लावून ठेवतात.

माशाची चित्रं काढणारी ‘फिश आयडी’ नावाची सोय तर बंदच ठेवावी. पाण्यात लटकलेला कुठलाही प्रतिध्वनी ती मासा समजते. आपल्या जलाशयांत बुडालेल्या झाडांच्या फांद्या असतात आणि तळाच्या गाळातून वायूचे बुडबुडे उठत असतात. उन्हाळ्यात त्या बुडबुड्यांच्या रांगा पाहून नवखा माणूस म्हणेल, इथे माशांची जत्रा भरली आहे. चित्रं बंद केली की मासा कमानीसारखा दिसतो, कारण बोट सरकताना त्याचं अंतर आधी घटतं आणि मग वाढतं. बोट थांबलेली असेल तर कमान नाही, नुसती रेघ. हे डोळ्यांना शिकवावं लागतं आणि ते शिकणं पुस्तकातून होत नाही.

फासजाळं संध्याकाळी लावून पहाटे काढणाऱ्या माणसाला क्षणाक्षणाचा मासा दिसून फारसा फायदा नाही, असं माझं मत. गळाने मासे धरणाऱ्या हौशी माणसाचं गणित वेगळं आहे. तो ‘आत्ता इथे’ खेळतो. संस्थेतल्या एकाने लगेच विचारलं, मग मशीन हौशी लोकांना भाड्याने देऊ का, ते तोतलाडोहला नेतील. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारी चालत नाही. तो विषय तिथेच मिटला.

काकाजींचा प्रश्न

जाळं कुठे अडकतं, हे खाली पाहणाऱ्या सोनारने सापडतं, पण फसवून. रुंद शंकूच्या कडेला, बोटीपासून पाच मीटर बाजूला असलेलं खोड पडद्यावर बरोबर बोटीखाली दिसतं. जुन्या नाल्याचंही तसंच: चार मीटर रुंदीचा नाला दहा मीटर खोलीवर असेल, तर रुंद शंकूला आधी काठांचा प्रतिध्वनी मिळतो आणि नाला खरा आहे त्यापेक्षा उथळ दिसतो किंवा दिसतच नाही. म्हणून तळाच्या मोजणीला अरुंद शंकूच वापरायचा.

खोडांसाठी खरं काम करतं साइड इमेजिंग. पातळ पात्यासारखे दोन किरण डावी-उजवीकडे टाकून ते तळाची पट्टी-पट्टी जोडत जातं. उभं खोड उजळ दिसतं आणि त्यामागे तळावर त्याची सावली पडते. सावलीच्या लांबीवरून खोडाची उंचीही काढता येते. साधारण ४५५ किलोहर्ट्झला ते दूरवर पाहतं, ८०० किंवा त्याहून वरच्या वारंवारतेला जवळचं पण स्पष्ट. अट एकच: बोट सरळ आणि एका संथ वेगाने चालली पाहिजे. वळणावर चित्र ताणलं जातं आणि त्यावरून काही ठरवू नये.

माझा सल्ला असा झाला: ९ इंची पडदा सोडा, कार्ड सोडा, त्या पैशांत ७ इंची पण साइड इमेजिंग असलेलं घ्या. पडदा लहान पडला तरी बिघडत नाही, कारण नोंद शेवटी संगणकावरच पाहायची आहे. कोटेशनमध्ये नेमकं उलटं होतं. मोठा पडदा होता आणि बाजूला पाहणारा डोळा नव्हता.

यावर काकाजींनी जे सांगितलं त्याने माझं अर्धं काम वाचलं. “मे महिन्यात पाणी उतरते नं, तवा सारी खुटं उघडीच पडते. पायी फिरून पाहा नं बाप्पा.”

बरोबर होतं. जो भाग दर उन्हाळ्यात उघडा पडतो, तिथे सोनार कशाला? संस्थेच्या पोरांनी फोनच्या जीपीएसवर तिथली खोडं, दगडी बांध आणि एक जुनी विहीर चालत टिपली. फोनची चूक ३ ते ५ मीटर येते, जाळं लांब ठेवायला तेवढी चालते.

आकाशातून मिळालेल्या खोलीरेषा

मग तोच विचार पुढे नेला. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांच्या आसपास एकेका जागेचा फोटो घेतात, १० मीटरच्या बारकाईने, आणि तो कुणालाही फुकट मिळतो. निकट-अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशात पाणी जवळजवळ काळं दिसतं, म्हणून पाण्याची कड नेमकी धरता येते. फोटोच्या दिवसाची धरणाची पातळी माहीत असेल, तर ती कड म्हणजेच त्या उंचीची समोच्च रेषा. ऑक्टोबर ते मे नागपूरवर आकाश बहुतेक मोकळं असतं. एका हंगामात पाणी उतरत जातं तशा एकाखाली एक रेषा मिळत जातात, बोट पाण्यात न उतरवता. मंद उताराच्या काठावर ही रेषा फार चांगली बसते: ५० मीटरला १ मीटर उतार असेल, तर १० मीटरच्या चुकीचे उंचीत २० सेंटिमीटर होतात. उभ्या काठावर ती भरवशाची नाही, पण उभ्या काठावर पिंजरे लावायचेही नव्हते.

नागपूरला तर या विद्येचं घरच आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथे व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे. संस्थेच्या पोराला मी आधी क्यूजीआयएस शिकायला लावलं, कारण त्याशिवाय यंत्रातल्या नोंदीचंही काही करता आलं नसतं.

धरण होण्याआधीचा भूभाग पाहायला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक पत्रिका उपयोगी पडतात. त्यांवर बुडालेला नाला, पायवाट, गाव, विहिरी सगळं असतं. खोली मात्र त्यांवरून काढू नये. त्यांतल्या समोच्च रेषांचं अंतर मोठं असतं आणि मधल्या काळात काळ्या मातीचा गाळ किती साचला हे त्या सांगत नाहीत. आम्ही त्या पत्रिका एवढ्यासाठीच वापरल्या: नदीचं जुनं पात्र कुठून जातं ते पाहून मोजणीच्या रेषा त्याला आडव्या आखायच्या.

सोनारच्या वाट्याला उरला तो फक्त कधीच न उघडा पडणारा मधला भाग. संपूर्ण जलाशय मोजायचा म्हणून सुरू झालेलं काम त्याच्या एका तुकड्यावर आलं.

काय घेतलं, कसं बसवलं

शेवटी हमिंगबर्डचं हेलिक्स ७ घेतलं, साइड इमेजिंग आणि ऑटोचार्ट लाइव्ह असलेलं. दुसऱ्या कंपनीचं तशाच सोयींचं घेतलं असतं तरी मी अडवलं नसतं. कारण तीनच: नोंद कार्डावर उतरते, फाइल बाहेर उघडते, आणि दुरुस्तीची विचारपूस करायला देशात कुणी उत्तर देणारं आहे. ऑटोचार्टमध्ये आठ तासांची नोंद अंगभूत मावते, पुढे वेगळं कार्ड घ्यावं लागतं. आम्ही ते घेतलं नाही. कच्ची नोंद साध्या मेमरी कार्डावर जात होती, तेवढं पुरे.

ट्रान्सड्यूसर फायबरच्या बोटीत आतून चिकटवला तरी साधं सोनार चालतं, कारण सलग फायबरमधून आवाज आरपार जातो. लाकूड किंवा पत्र्यातून हे जमत नाही. पण साइड इमेजिंगला दोन्ही बाजूंना उघडं पाणी लागतं, म्हणून तो बाहेरच हवा. बोटीला भोकं पाडायला अध्यक्षांचा ठाम नकार. मग बुटीबोरीच्या एका वेल्डिंगवाल्याकडून शिकंजा लावलेला पाइप करून घेतला. पाइपच्या टोकाला ट्रान्सड्यूसर, वर दांडा. जाळ्यावरून जाताना दांडा फिरवून वर घ्यायचा. हाच शिकंजा डोंग्यालाही लागतो. पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर लांब, आणि मोटारीचा पाय एका बाजूचा किरण अडवणार नाही अशा जागी. पंख्याच्या फेसातून सोनारला काही दिसत नाही. वेग वाढवला की चित्र तुटतं याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं आणि लोक मात्र यंत्राला दोष देतात.

बॅटरीचा वाद मजेदार झाला. घरच्या इन्व्हर्टरची काढून नेऊ, असं एकाने सुचवलं. तिचं वजन डोंग्यात एक माणूस जास्त बसवल्यासारखं होतं. हे यंत्र साधारण एक-दीड अँपिअर ओढतं. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दीड किलोच्या आसपास भरते आणि दिवसाचं काम काढते. तारेत फ्यूज मात्र हवाच, तो कंपनीने सांगितलेल्या आकड्याचाच.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं, कारण परदेशी माहितीपुस्तिकांत ते कडेला एका ओळीत असतं. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तोही सावलीतला. बोटीत उघड्या उन्हात ठेवलेली काळी डबी त्याच्या किती तरी वर तापते आणि पडदा काळवंडतो. सकाळी लवकर निघायचं, अकराच्या आत परतायचं, आणि मधे थांबलं की यंत्रावर ओला दुपट्टा टाकायचा.

जलसंपदा विभागाला पत्र देऊन ठेवलं होतं. भिंत आणि कालव्याचं तोंड यांच्यापासून लांब राहायचं, एवढीच त्यांची अट होती आणि ती रास्त होती.

जे निघालं

मोजणीच्या रेषा ५० मीटरच्या अंतराने, निवडलेल्या दोन जागांवर २५ मीटरने, ताशी सहा-सात किलोमीटरच्या वेगाने. अध्यक्षांच्या मनातली जागा उतरणघाटासमोरची होती: खाद्य न्यायला जवळ, रात्रीची राखण सोपी. सचिवांनी शाखा कार्यालयातून मागच्या वर्षांच्या जूनअखेरच्या पातळ्या आणल्या. त्यांतल्या सगळ्यात खालच्या पातळीला घाटासमोर पिंजऱ्याची जाळी बुडेल एवढंही पाणी उरत नव्हतं. सरासरी वर्षाला उरत होतं. अध्यक्षांचं म्हणणं, सरासरी धरा. मी म्हणालो, मासे सरासरी वर्षात मरत नाहीत.

दुसरी जागा नदीच्या जुन्या वळणावर निघाली. तिथे सगळ्यात वाईट उन्हाळ्यातही जाळीखाली मोकळं पाणी राहतं. पण ती घाटापासून बरीच लांब आणि दुसऱ्या गावाच्या जाळ्यांच्या वाटेवर. तिथला तळ काकाजींच्या आठवणीपेक्षा उथळ निघाला. ते आधी मानायला तयार नव्हते. पोराने दोरीला दगड बांधून सोडला, तेव्हा दगड यंत्राने दाखवलेल्या खोलीच्याही खाली गेला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. २०० किलोहर्ट्झचा आवाज मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो आणि दगड त्यातून खाली घट्ट जमिनीपर्यंत जातो. काकाजींना आठवत होती ती घट्ट जमीन. पिंजरे जागेवर धरून ठेवणाऱ्या नांगरांच्या ठोकळ्यांचं वजन ठरवताना या गाळाच्या जाडीचा हिशोब लागला, म्हणून दोन्ही आकडे नकाशावर लिहिले.

खोली मिळाली म्हणजे जागा मिळाली असं नाही, हेही अर्जाआधी बोलून घेतलं. उन्हाळ्यात खोल पाण्यात वर गरम आणि खाली गार असे थर पडतात. सोनार संवेदनशील लावलं तर ती सीमा धूसर रेघेसारखी दिसते. रेघेखाली प्राणवायू कमी असतो, आणि पहिल्या पावसाच्या गार पाण्याने थर ढवळले की पिंजऱ्यातल्या माशांना पळायला जागा नसते. फिश फाइंडर प्राणवायू मोजत नाही. त्यासाठी वेगळं मीटर लागतं, आणि नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात त्याची चौकशी करा म्हणून मी सचिवांना पाठवलं.

अर्जाला जोडलेल्या नकाशावर खोली लिहिलीच नाही. तळाची उंची लिहिली, बाजूला पूर्ण संचय पातळी (जलाशय पूर्ण भरल्यावरची) आणि मागच्या वर्षांतली सगळ्यात खालची पातळी, आणि दोन्हींना प्रत्येक पिंजऱ्याखाली किती पाणी राहील त्याचा तक्ता. पिंजऱ्यांची ओळ जुन्या वळणावर दाखवली, पण ठरली होती त्याच्या निम्मी. उरलेली दुसऱ्या गावाशी बोलणी झाल्यावर.

नांगराच्या दोऱ्यांचं काम शेवटी राहिलं होतं. दोरी भरलेल्या तलावाच्या मापाने कापावी लागते. तीच मेमध्ये सैल पडते आणि वाऱ्याने सगळी ओळ उथळाकडे सरकते. म्हणून प्रत्येक ओळीभोवती, दोरी सैल पडल्यावर पिंजरे जिथवर जाऊ शकतात तेवढं वर्तुळ नकाशावर आखलं आणि त्या वर्तुळातला सगळ्यात उथळ बिंदू तक्त्यात धरला. एका पिंजऱ्याची जागा त्यामुळे आणखी नदीकडे सरकवावी लागली. पोर ते आकडे भरत होतं तेव्हा काकाजी मागून वाकून पडद्यावर आपल्या नेहमीच्या जाळ्याच्या जागा शोधत होते. त्यांतल्या दोन ठिकाणी खोडांच्या सावल्या स्पष्ट दिसत होत्या.